कमी खर्चात विणकाम शिकायचंय : पहिली लोकर कुठली घेऊ?

नवी_सुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विणकाम शिकायची इच्छा खूप वर्षांची आहे. गेल्या महिन्यात एकदाची सुरुवात केली आणि पहिल्याच गुंड्याशी अडकले. सगळ्यात स्वस्त दिसला तो गुंडा उचलला होता. गडद निळा, केसाळ, हाताला एकदम मऊ. सोबत सुयांची एक बारीक जोडी. व्हिडिओ बघून २० टाके घातले, सहा ओळी विणल्या. त्यानंतर कुठला टाका कुठे संपतो तेच दिसेना. उसवायला गेले तर केस एकमेकांत गुंतून गाठ बसली आणि शेवटी कात्री लावावी लागली. फार वाईट वाटलं.

आता पुन्हा सुरुवात करायची आहे, पण हात आखडूनच खर्च करावा लागेल. दर आठवड्याला नवीन काही आणता येणार नाही, एकदाच काय ते घेईन. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लोकर कुठली घ्यावी, सुया कुठल्या घ्याव्यात, आणि त्या सगळ्या चिमुकल्या उपकरणांमधलं खरोखर लागतं काय? पुढेमागे भाचीसाठी टोपी विणायची आहे. तेवढं जमलं तरी मला खूप आहे.

टाकेवाली

नवी_सुई, तुमचा हात चुकलेला नाही, धागा चुकीचा मिळाला. केसाळ धाग्यात आम्हालाही टाके डोळ्यांनी दिसत नाहीत, बोटांनी चाचपडत विणावं लागतं. त्यात गडद रंग. शिकणाऱ्याने टाका वाचायला शिकायचं असतं, आणि वाचायला अक्षर स्वच्छ लागतं.

पहिल्या गुंड्यासाठी चार गोष्टी बघा. रंग फिका आणि एकच हवा. रंगीबेरंगी धाग्यात ओळी हरवतात. धागा गुळगुळीत हवा. पीळ घट्ट हवा. हे तपासायला धाग्याचं टोक दोन बोटांत धरून उलट्या दिशेला फिरवा. लगेच पदर सुटून पसरले तर विणताना सुईचं टोक धाग्याच्या आतच शिरत राहील आणि अर्धा टाका मागे राहील. चौथी गोष्ट जाडी. ती मध्यम घ्या. काही लेबलांवर लडीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ० ते ७ मधला एक आकडा. ० म्हणजे जाळीकामाचा अगदी बारीक धागा, ७ म्हणजे दोरखंडासारखा जाड. तुम्ही ४ घ्या. ४ नसेल तर ३ चालेल.

खूप जाड लोकर नवशिक्यांना भुरळ घालते, काम भराभर वाढतं म्हणून. पण तेवढ्याच वजनात तिची लांबी फार कमी भरते, जाड सुयांनी मनगट लवकर दुखतं आणि गुंडाही लवकर संपतो. बेतात खर्च करायचा असेल तर ती वाट नको.

सुया ५ मिलिमीटरच्या, बांबूच्या किंवा लाकडाच्या. धातूच्या सुईवरून टाका सरकन निसटतो, बांबूवर तो जरा धरून राहतो. हात बसला की धातूच्या सुया वेगाला चांगल्या.

चारपदरी

टाकेवालीताईंना पूर्ण अनुमोदन. मी पैशांच्या बाजूने लिहितो, कारण माझी सुरुवातीची वर्षं चुकीच्या हिशेबात गेली.

गुंड्याची किंमत बघू नका, मीटर बघा. विणताना वजन खर्च होत नाही, लांबी खर्च होते. समजा मफलरला ३६० मीटर लागणार आहे. एक गुंडा ५० ग्रॅमचा, १२० मीटरचा. दुसरा १०० ग्रॅमचा, २०० मीटरचा. पहिले तीन लागतील, दुसरे दोन. दुसरा गुंडा पहिल्याच्या दीडपट किमतीला मिळत असेल तर दोन्हीकडे खर्च सारखाच, आणि वर ४० मीटर शिल्लक. दीडपटीहून जास्त किंमत असेल तर पहिला परवडतो. मीटरवरून अख्खे गुंडे किती लागतील ते काढायचं आणि त्यांची एकूण किंमत बघायची, दुसरा हिशेब नाही.

आता याच्यात एक मेख आहे. तीच जाडी, तेच वजन, तरी लांबी वेगळी भरते, कारण तंतूंची घनताच वेगळी असते. दर घन सेंटीमीटरला सूत साधारण १.५ ग्रॅम, लोकर १.३ आणि अ‍ॅक्रिलिक १.१७. म्हणून १०० ग्रॅम अ‍ॅक्रिलिक १०० ग्रॅम सुतापेक्षा बरंच जास्त पुरतं. पॅटर्नमध्ये "२०० ग्रॅम सुती धागा" लिहिलं असेल आणि तुम्ही अ‍ॅक्रिलिक वापरणार असाल, तर ग्रॅम विसरा आणि मीटर जुळवा.

धागादोरा

+१. मीटरचा हिशेब मला कोणी वेळेवर सांगितला असता तर स्वेटरची एक बाही दुसऱ्या रंगाची करावी लागली नसती.

आणखी एक. आपण मराठीत सगळ्यालाच लोकर म्हणतो. मेंढीची ती लोकर, अ‍ॅक्रिलिकची तीही लोकर, मिश्र धागा तोही लोकर. बोलताना चालतं, पण घेताना लेबलवर तंतूंचे टक्के वाचा. धुण्याची चिन्हंही वाचा. मेंढीची लोकर गरम पाण्यात घालून चोळली की आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते, मग ती परत येत नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, उष्णतेने आणि घासण्याने ते एकमेकांत अडकतात. लेबलवर 'सुपरवॉश' असेल तर त्या खवल्यांवर प्रक्रिया झालेली असते, ती सहसा अशी आटत नाही.

सुताची_लडी

माझं मत जरा वेगळं आहे. नवशिक्यांनी सुती धाग्यावर शिकावं. टाके आरशासारखे स्वच्छ दिसतात, टोचत नाही, केस निघत नाहीत, उन्हाळ्यातही हातात धरवतं. मी स्वतः सुतावरच शिकले.

टाकेवाली

सुताची_लडी, टाके स्वच्छ दिसतात हे शंभर टक्के खरं. तरी पहिल्या गुंड्यासाठी मी सूत सुचवणार नाही. सुताला ताण नसतो. लोकर सुईबरोबर थोडी ताणली जाते आणि परत जागेवर येते. नवशिक्याचा एक टाका घट्ट आणि एक सैल असतो, ते लोकर सांभाळून घेते, धुतल्यावर तर बरेचसे सारखेही होतात. सुतात सैल टाका सैलच दिसतो. आणि नवीन माणूस हमखास घट्ट विणतो. ताण नसलेला धागा घट्ट विणला की तासाभरात बोटं आखडतात. कित्येकांनी तेवढ्यावरून विणकाम सोडलेलं मी पाहिलंय, म्हणून एवढं जीव तोडून सांगतेय.

मर्सराइज्ड सूत तर पहिल्यांदा नकोच. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, त्यांच्या नावावरून हे नाव पडलं. त्या सुताला सुंदर चमक असते, पण ते सुईवरून घरंगळतं.

सुताची_लडी

घट्ट विणण्याचा मुद्दा पटला. माझ्या आईने शिकवताना सतत "सैल सोड, सैल सोड" म्हणत माझा हात हलका करून घेतला होता, म्हणून मला ते जाणवलं नसेल. एकटीने शिकणाऱ्याला ते सांगायला कोणी नसतं.

पण गरम भांडं धरायचं फडकं विणणार असाल तर तिथे मात्र सूतच वापरा. अ‍ॅक्रिलिक गरम भांड्याला लागलं की वितळतं आणि हात भाजतो.

नवी_सुई (धागाकर्ती)

किती मनापासून लिहिताय सगळे! मी वहीत उतरवून घेतेय. मग अ‍ॅक्रिलिक घेऊ की मेंढीची लोकर? आणि दुकानात एका टोपलीत बिनलेबलचे गुंडे अगदी कमी किमतीत असतात, ते घ्यावेत का?

चारपदरी

बजेट घट्ट आहे आणि टोपी लहान मुलीची आहे, म्हणजे ती सारखी धुतली जाणार. चांगल्या पिळाचं अ‍ॅक्रिलिक, किंवा लोकर आणि अ‍ॅक्रिलिक मिश्र धागा घ्या. अ‍ॅक्रिलिक हलकं, धुवायला सोपं, कसर लागत नाही. एक पथ्य पाळा, त्याला गरम इस्त्री किंवा जवळून वाफ देऊ नका. तंतू मरतो, म्हणजे विणीतला उसळता जीव निघून जातो आणि कापड लोळागोळा होऊन लटकतं. एकदा झालं की दुरुस्ती नाही.

मेंढीची लोकर घेतलीत तर हनुवटीखाली, गळ्याला लावून बघा. तळहाताला टोचणं कळत नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर त्याहून पुष्कळ बारीक, म्हणून ती मऊ आणि म्हणून महागही.

बिनलेबलच्या गुंड्यांबद्दल धागादोरा जास्त सांगू शकतील.

धागादोरा

घ्या, पण पारखून. जाडी ओळखायला एक फूटपट्टी पुरते. धागा न ताणता पट्टीभोवती शेजारीशेजारी गुंडाळा, वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. एका इंचात ९ ते १२ वेढे बसले तर मध्यम जाडी, म्हणजे टाकेवालीताईंचा ४ नंबर. ११ ते १५ बसले तर ३ नंबर. दोन्हींच्या सीमा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ११-१२ आले तर बोटांवर विश्वास ठेवा.

तंतू ओळखायला जाळून बघतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याचं भांडं ठेवा, खिडकी उघडी असू द्या, मुलं जवळ नकोत. लोकर केस जळल्यासारखी वासते, सहज पेट घेत नाही आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ करडी. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो. मणी गार होईपर्यंत हात लावू नका. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात, तिथे ही पारख पक्की नाही.

टोपलीतल्या गुंड्यांचा खरा धोका वेगळाच. रंगाचा लॉट जुळत नाही. तोच रंग, तीच कंपनी, पण वेगळ्या खेपेत रंगवलेला असेल तर विणल्यावर पट्टा उठून दिसतो. दुकानातल्या दिव्याखाली तो दिसतच नाही. म्हणून जे विणायचं त्याला लागणारी सगळी लोकर एकदम घ्यायची, लॉटचा नंबर बघून.

उसवणारी

माझं नाव बघूनच कळलं असेल मी काय सांगणार ते. :-) सगळ्यात कमी खर्चाची लोकर घरातल्या कपाटात असते. आटलेला नसलेला, कोणी घालत नसलेला स्वेटर काढा. पण उसवायच्या आधी आतून शिवण बघा. शिवणीच्या कडा ओव्हरलॉक केलेल्या असतील, म्हणजे कापड कापून शिवलं असेल, तर सोडून द्या. प्रत्येक ओळ कडेला कापलेली असते, हातात वीत-दोन वीत लांबीचे तुकडे येतील. कडा अखंड असून दोन भाग साखळीसारख्या टाक्याने जोडलेले असतील तर तो स्वेटर सोनं आहे. ती साखळी एका बाजूने ओढली की झिपसारखी सुटते.

सुटा झालेला भाग नेहमी शेवट विणलेल्या टोकाकडून उसवायचा, सुरुवातीच्या टोकाने उसवत नाही. धागा सोबतच खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जा. तो सगळा नूडल्ससारखा कुरळा येतो, घाबरू नका. चार जागी सैल दोरे बांधून लडी करा, कोमट पाण्यात थोडा साबण घालून अर्धा तास भिजवा, न चोळता निथळवा आणि खाली हलकं वजन अडकवून वाळत टाका. वाळेपर्यंत मेंढीच्या लोकरीचा कुरळेपणा बहुतेक निघून जातो. असा धागा सरळ न करता विणला तर टाके वेडेवाकडे बसतात.

लांबी मोजायची असेल तर खुर्चीच्या पाठीचा एक वेढा मापून घ्या. माझ्या खुर्चीला दीड मीटर भरतो. १४० वेढे झाले की २१० मीटर. मागचा बाजारी स्वेटर फार बारीक धाग्याचा निघाला, तेव्हा दोन पदर एकत्र धरून विणला आणि मला हवी ती जाडी मिळाली.

नवी_सुई (धागाकर्ती)

उसवणारीताई, आजोबांचा एक जुना स्वेटर आहे घरी. तो नाही उसववणार माझ्याच्याने. पण दुसरे दोन आहेत, त्यांची शिवण आजच बघते.

उसवणारी

आजोबांचा अजिबात उसवू नका. तो जपून ठेवा.

टाकेवाली

साहित्याचं राहिलं. सुयांची एक जोडी, लोकर आणि कात्री. शेवटी दोरे आत लपवायला मोठ्या नाकाची बोथट सुई. एवढंच विकत घ्या. टाक्यांची खूण म्हणून वेगळ्या रंगाच्या धाग्याचं छोटं कडं सुईत अडकवा. सेफ्टी पिनही चालते, सुटलेला टाका पकडून ठेवायलाही ती बरी. ओळी मोजायला कागद-पेन्सिल. सुईच्या टोकाला रबरबँड गुंडाळला की टाके निसटत नाहीत.

शक्य असेल तर दोन सरळ सुयांऐवजी एक गोल सुई घ्या, मध्ये लवचीक तार असते ती. तिच्यावर सरळ कापडही विणता येतं आणि गोलही. कामाचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. एकच सुई घ्यायची तर ती सगळ्यात जास्त कामं करते.

नंबर बघताना मात्र जपा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की जाड होते. ८ नंबर एका पद्धतीत ४ मिलिमीटर, दुसऱ्या पद्धतीत ५ मिलिमीटर. नंबर न मागता मिलिमीटर मागा.

सुताची_लडी

सुया घरीही होतात. ५ मिलिमीटर जाडीची लाकडी गोल काडी घ्या, एक टोक पेन्सिल शार्पनरने निमुळतं करा, मग आधी जाड आणि नंतर बारीक पॉलिशपेपरने घासा. टोक अणकुचीदार नको, बोथटसर हवं. शेवटी मेणबत्तीचं मेण चोळून कापडाने पुसा. दुसऱ्या टोकाला लाकडी मणी चिकटवा. मी अशा सुयांवर दोन हिवाळे काढलेत. कुठे कूस राहिली असेल तर धागा लगेच अडकून सांगतो.

नवी_सुई (धागाकर्ती)

आठ दिवसांनी येतेय. घेतली लोकर! फिका पिस्ता रंग, अ‍ॅक्रिलिक, १०० ग्रॅमला २०० मीटर, एकाच लॉटचे दोन गुंडे. सुया ५ मिलिमीटरच्या बांबूच्या, सरळ. आता प्रत्येक टाका दिसतो. केवढा फरक!

पण नवीन अडचण. २० टाके घातले, सगळ्या ओळी सुलट विणतेय. पंधराव्या ओळीला मोजले तर २७. कापड खाली अरुंद आणि वर रुंद, पंख्यासारखं. मी कुठेही मुद्दाम टाका वाढवलेला नाही.

टाकेवाली

हे कडेला होतंय. ओळ संपवून सुई फिरवलीत की पहिला टाका नीट बघा. चालू धागा सुईच्या वरून मागे ओढला गेला असेल तर त्या टाक्याचे खालचे दोन पाय सुईवर चढून येतात आणि एकाच्या जागी दोन टाके दिसतात. तुम्ही दोन्ही विणता, एक टाका वाढतो. सुलट ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून मागे न्या, वरून नाही. मग पहिल्या टाक्याचं तोंड एकच दिसेल.

मध्येच छोटी भोकंही दिसत असतील तर तिथे धागा चुकून पुढे राहिलाय आणि सुईवर जादा वेढा पडलाय. प्रत्येक ओळ संपली की मोजा. २० टाके मोजायला दहा सेकंद लागतात.

नवी_सुई (धागाकर्ती)

हेच होतं! धागा वरून ओढत होते. आणि तीन भोकंही सापडली. सगळं उसवलं, या वेळी गाठ नाही बसली. पुन्हा २० घातले, चाळिसाव्या ओळीलाही २० च आहेत.

धागादोरा

छान! आता चौकोनी फडकं करा. तिरकं विणायचं. यात माप लागत नाही आणि लोकर कधीच कमी पडत नाही. ४ टाके घाला, एक ओळ सुलट. पुढच्या प्रत्येक ओळीत २ सुलट, धागा पुढून घेऊन सुईवर एक वेढा, मग शेवटपर्यंत सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला नाजूक जाळी पडते. ४४ टाके झाले की उतरणीला लागा. १ सुलट, २ एकत्र, एक वेढा, २ एकत्र, बाकी सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो. परत ४ उरले की टाके मिटवा, म्हणजे बंद करा.

फडकं मोठं हवं असेल आणि लोकर मोजकी असेल तर वजनकाटा घ्या. गुंडा निम्मा झाला की टाके कितीही असोत, उतरणीला लागायचं. तुम्ही मुद्दाम वेढा घालाल आणि चुकून पडलेला वेढा कसा दिसतो तेही डोळ्याला ओळखू येईल.

नवी_सुई (धागाकर्ती)

फडकं झालं. बरोबर चौकोन. बारा दिवस लागले. एका बाजूला एक भोक आहे, ते तसंच ठेवलंय.

आता टोपी. भाचीच्या डोक्याचा घेर ५० सेंटीमीटर. किती टाके घालायचे हे कसं ठरवतात? मिळालेल्या पॅटर्नमध्ये ९६ लिहिलेत, पण त्यांची लोकर माझ्यापेक्षा बारीक वाटतेय.

चारपदरी

९६ आकडा तुमच्यासाठी नाहीच, तो त्यांच्या हातासाठी आणि त्यांच्या धाग्यासाठी. आधी नमुन्याचा तुकडा विणा. ३० टाके घाला, एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट आणि एक सुई उलट, तळहाताएवढा होऊ द्या. टाके मिटवून धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये टाके मोजा. कडा आत वळतील, सपाट धरून मोजा. त्या विणीत कडा वळतातच, तुमची चूक नाही.

हा तुकडा लोक टाळतात आणि तिथेच लोकर वाया जाते. स्वेटरचं उदाहरण घ्या. पॅटर्नमध्ये १० सेंटीमीटरला २० टाके, घेर १०० सेंटीमीटर, म्हणून २०० टाके घातले. तुमच्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये २२ बसतात. फरक फक्त दोन टाक्यांचा, पण घेर ९१ सेंटीमीटर भरला. स्वेटर अंगात जाणार नाही. तुकड्याला लागणारी लोकर मागाहून उसवून वापरता येते, तेव्हा खर्च शून्य.

नवी_सुई (धागाकर्ती)

धुऊन वाळवून मोजलं. १० सेंटीमीटरला १९ टाके.

टाकेवाली

टोपी डोक्यापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवी, म्हणजे ती धरून बसते. ५० चे ४५ झाले. १९ ला ४.५ ने गुणलं की ८५.५. सुरुवातीची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी ताणणारी करणार, तिला ४ च्या पटीतले टाके लागतात. जवळचा आकडा ८४. तुमच्या सुया सरळ आहेत, टोपी सपाट विणून मागे शिवायची आहे, म्हणून शिवणीचे २ जास्त. एकूण ८६. ओळ दोन सुलटने सुरू होईल आणि दोन सुलटने संपेल. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका आत गेला की उरलेले दोन शेजारी येऊन पट्टी अखंड दिसेल.

५ सेंटीमीटर पट्टी, मग एक सुई सुलट आणि एक सुई उलट. एकूण उंची ११ सेंटीमीटर झाली की कमी करायला लागा. कडेचा १, मग "१० सुलट, २ एकत्र" असं सात वेळा, शेवटी कडेचा १. परतीची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीत ९ सुलट, २ एकत्र, त्याच्या पुढे ८, असं उतरत जा. शेवटी सुईवर ९ टाके उरतील. धागा हातभर ठेवून कापा, बोथट सुईने त्या नऊ टाक्यांतून ओवा आणि गच्च ओढा. त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

टाके घालताना घट्ट घालू नका, नाहीतर टोपी कपाळावर वळ उठवेल. दोन सुया एकत्र धरून टाके घाला आणि मग एक काढून घ्या, कड आपोआप सैल राहील.

नवी_सुई (धागाकर्ती)

८६ घातले. तीनदा मोजले. दोन सुया एकत्र धरून घातल्यामुळे पहिली ओळ अगदी सहज गेली. पट्टीच्या चार ओळी झाल्यात आणि दुसरा गुंडा अजून न उघडलेलाच आहे.

उसवणारी

चौथ्या ओळीलाही एकदा मोजून घ्या. आणि त्या दोन स्वेटरांच्या शिवणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं तुमचं.

नवी_सुई (धागाकर्ती)

मोजले, ८६ आहेत. एका स्वेटरची शिवण ओव्हरलॉकची निघाली. दुसऱ्याची साखळी आहे, एका टोकाने ओढून बघितली आणि खरंच झिपसारखी सुटली. एक बाही सुटी झालीय. खुर्चीच्या पाठीचा वेढा मोजला, १ मीटर ३० सेंटीमीटर.